बारा पोती मका आणि भागाबाई

रोज दुपारची झाकपाक झाली की मी ही वही उघडते. आधी एकशे आठ वेळा दत्ताचं नाव आणि मग खाली दिवसाचा हालहवाल, असा एकोणीस वर्षांचा नेम आहे. आज एकविसाव्या नावालाच पेन थांबलं. रागाच्या हाताने नाव लिहू नये असं मला वाटतं, म्हणून आधी राग लिहून काढते. आमच्या देवळात आलेला बुरशीचा मका गरिबांच्या लेकरांच्या पोटात जाणार होता. तो भागाबाईने अडवला, आणि आज गुन्हेगार तीच ठरून राहिली आहे.

भागाबाईचं माहेर तुमसरकडचं. लग्न होऊन दुर्गला आली. नवरा शेषराव रेल्वेच्या रुळावर काम करायचा, पण ठेकेदाराकडे. मुलगी रीना चार वर्षांची असताना तो कावीळ होऊन गेला. तेव्हापासून ही बाई बोरसीहून सूप बगलेत मारून आमच्या स्मृति नगरात यायची. मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे प्लांटवाल्यांच्या, म्हणजे इथल्या पोलाद कारखान्यात नोकरी करणाऱ्यांच्या, घरी वर्षभराचा गहू, तांदूळ, तूरडाळ भरायची पद्धत होती. ती ओसरीत बसायची, दाणा पसरायची आणि हाताच्या पालथ्या बाजूने सारत जायची. डोळ्यांनी पाहायची ते नंतर. आधी वास, मग स्पर्श.

एकदा माझ्या मालकांनी, भाऊरावांनी, दोन पोती गहू मोठ्या हौसेने आणला. तिने मूठभर घेऊन नाकाशी नेला आणि परत पोत्यात टाकला.

"भाऊ, हा घेतला तवा नाक घरी ठेवलं होतं का?"

शंभर माणसं हाताखाली असलेल्या फोरमनशी असं कोणी बोलत नसे. ते हसले आणि निमूटपणे पोती परत करून आले.

मग पाकिटातला आटा आला. सुना म्हणू लागल्या की निवडणं-टिपणं कोण करत बसणार. भागाबाईचं काम एकेका घरातून सुटत गेलं. गुडघेही गेले. तरी गुरुवारी देवळात यायची, दर्शन घ्यायची आणि जाताना माझ्याकडे चहा.

अशातच मागच्या गल्लीतली प्रांजली माझ्याकडे आली. नागपूरकडच्या रेल्वेवाल्यांची पोर, शिकून कुम्हारीजवळच्या एका कॉलेजात संशोधन करते. बुरशी लागलेल्या धान्यातलं विष उजेडाने कसं मोडता येईल, हा तिचा विषय.

"काकू, दाणे वेगळे करणारं कोणी मिळेल का? किलोच्या किलो मका आहे, एकेक दाणा बघायचा. माझे स्टुडंट तो दो घंटे में थक जाते हैं."

मी म्हटलं, थकत नाही अशी एक आहे माझ्याकडे.

तिथे काय चालतं ते मला प्रांजलीपेक्षा भागाबाईने जास्त नीट समजावलं. मक्यावरची बुरशी एक विष सोडते. ते शिजवून जात नाही, भाजून पुरतं जात नाही. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं की लिव्हर खराब होतं, लेकरांची वाढ खुंटते. कॉलेजात एक कपाटाएवढी पेटी आहे. आत जांभळ्या उजेडाच्या नळ्या, आणि त्याखाली पसरट जाळ्या. जाळ्यांना एक पांढरा लेप पक्का बसवलेला असतो.

"उजेड पडला का तो लेप जागा होते, बाई. अन् त्याले टेकलेल्या दाण्यावरचं जहर कुरतडते. दिवा बंद केला का झोपला. लेप संपत नाई, दाण्याले चिकटत नाई. नुसता काम करते."

सुरुवातीला ते लोक जाळीवर दोन-दोन बोटं मका पसरायचे आणि विष का उतरत नाही म्हणून कॉम्प्युटरसमोर डोकं धरून बसायचे. भागाबाई तीन दिवस नुसतं पाहत होती. चौथ्या दिवशी म्हणाली, "खालचा दाणा आंधारात हाय ना, म्याडम." मग तिने मका एकेरी पसरला आणि थोड्या थोड्या वेळाने जाळी अशी हलवली, जसं सूप हलवतो, की प्रत्येक दाणा कूस बदलेल. त्या दिवशी आकडा खाली आला. पुढे प्रांजलीने तसाच हिसका देणारी मोटर पेटीला बसवून घेतली. ती मला म्हणाली, "मावशींनी माझे सहा महिने वाचवले, काकू."

पण प्रांजली कधी फुशारकी मारत नाही, हेही लिहून ठेवते. आधी मावशीने खराब दाणे काढायचे, मग पेटी, आणि तरीही दहा वेळा केलं तर आठदा आकडा सरकारी मर्यादेच्या आत, दोनदा बाहेर. "हे अजून खायचं नाही. प्रयोगाचा दाणा आम्ही कोंबडीलासुद्धा घालत नाही." हे वाक्य तिने कॉलेजच्या खुल्या दिवशी, सगळ्या पाहुण्यांसमोर, माझ्यादेखत म्हटलं होतं. त्या पाहुण्यांत आमच्या देवळाच्या मंडळाचे सचिव हिरालालभाऊही होते. त्यांच्या कानात त्यातलं अर्धंच गेलं.

आता मका कुठून आला ते. पौष पौर्णिमेला इकडे छेरछेरा असतो. नवं धान घरात आलेलं असतं, लोक टोपल्या घेऊन दारोदार फिरतात आणि प्रत्येक घराने सूपभर दाणा द्यायचा. आम्ही विदर्भाकडचे असलो तरी तीन पिढ्या इथे काढल्या, आता तो आमचाही सण. मंडळ त्या दिवशी देवळासमोर धान्य गोळा करतं आणि त्यातून दर गुरुवारी मागच्या वस्तीतल्या गवंडीकाम करणाऱ्यांच्या लेकरांना जेवण घालतं. यंदा एका व्यापाऱ्याने बारा पोती मका पाठवला. हार झाले, फोटो झाले. त्याचं गोदाम पावसाळ्यात गळलं होतं हे नंतर कळलं. नंतर म्हणजे मला. हिरालालभाऊंनी पहिल्याच दिवशी पोत्याचं तोंड सोडलं तेव्हा त्यांना कुबट वास आला होता. तो त्यांनी स्वतः कबूल केला, वर हसून.

"वास तर होताच, वहिनी. म्हणून तर मी उपाय केला."

उपाय असा. हिरालालभाऊ प्लांटच्या इलेक्ट्रिकलमधून रिटायर झालेले. आमच्या प्लांटच्या माणसांना एक खोड आहे, एकदा पाहिलेली मशीन आपल्याला घरी बनवता येते असं त्यांना वाटतं, आणि पुष्कळदा येतेही. प्रांजली बोलता बोलता म्हणाली होती की लेपातला पांढरा पदार्थ रंगातसुद्धा वापरतात. झालं. भाऊंनी देवळाच्या गच्चीवर टिनाचं शेड टाकलं, पत्र्यांना पांढरा ऑइलपेंट मारला, मच्छर मारायच्या यंत्रातल्या सहा जांभळ्या नळ्या वर टांगल्या आणि खाली मक्याचा ढीग घातला. विश्वकर्म्याला करतात तशी त्या शेडची पूजा केली. नारळ फोडला. हळद-कुंकू लावायला मला बोलावलं आणि मी लावलं. पाटी आली: प्रकाश-शुद्ध अन्नदान. एकेका पोत्याला दीड दिवस उजेड दाखवून पुन्हा शिवून ठेवलं.

मागच्या गुरुवारी रांधायची पाळी माझी. मी त्याच मक्याचा दलिया शिजवला. तूप सढळ हाताने घातलं. देवापुढे ताट ठेवलं, डोळे मिटले, पाणी फिरवलं. देवळामागच्या पडवीत पंचेचाळीस-एक लेकरं ताटल्या घेऊन बसली होती. तेवढ्यात भागाबाई दर्शन करून मागे आली.

"बाई, हा वास कायचा?"

"तुपाचा. थोडं जास्त पडलं."

"तुपाखालचा इचारून राहिलो मी."

ती कोठारात गेली. एका पोत्याच्या तळाशी कोपरापर्यंत हात घालून मूठ भरून आणली. फुंकर मारली, नखाने दोन दाणे फोडले. आत हिरवट करडी बुरशी. येऊन डेगेवर झाकण ठेवलं आणि वाढायची पळी उचलून आपल्या मांडीवर घेऊन बसली.

हिरालालभाऊ धावत आले. "भागा, पळी दे. लेकरं उपाशी हायेत."

"उपाशी हायेत म्हणूनच देऊन नाई राहिलो."

"अवो, पुरा माल प्रोसेस केला हाय. सहा ट्यूब, छत्तीस घंटे. तुह्याच म्याडमचं तंत्र हाय ना?"

"माह्या म्याडमच्या पेटीत दाणा एकेरी राह्यते. तुमच्या शेडात ढीग. वरचे चार दाणे उजेडात, बाकी सारे तुमच्यासारखे आंधारात."

दोन-तीन बायका हसल्या. भाऊंचा चेहरा लाल झाला.

"तू सायंटिस्ट कधीपासून झाली? तिथं झाडू मारते अन् इथं ग्यान देते."

"झाडू बी मारतो, दाणा बी पायतो. तुमी पाह्यला का?"

मग ते माझ्याकडे वळले. "वहिनी, तुमी सांगा हिले. नैवेद्य झाला. आता हा प्रसाद हाय. प्रसाद फेकाचा का?"

आणि मी गप्प राहिले. हे लिहिताना लाज वाटते, पण वहीत खोटं लिहीत नाही. अन्न पायाखाली आलं तरी उचलून कपाळाला लावणारी मी, देवाला दाखवलेलं अन्न टाकायचं म्हटलं तर जीभ उचलेना. भागाबाईने माझ्याकडे पाहिलं.

"देव नुसता पायते, बाई. खाणारे हे हायेत."

भाऊंची नात उन्नती तिथेच फुलं निवडत होती, सात वर्षांची. मी म्हटलं, "हिरालालभाऊ, बरोबर आहे तुमचं, प्रसादच आहे. पहिली वाटी उन्नतीला वाढू."

"ती नाई खात हे. तिचं पोट नाजूक हाय."

एवढं बोलून ते थांबले, पण बोलून गेले होते. वस्तीतल्या लेकरांची पोटं काय लोखंडाची ओतून आणली आहेत? मी घरी गेले, माझ्या डब्यातला तांदूळ आणला, भाऊरावांना मूगडाळ घेऊन यायला सांगितलं. खिचडी व्हायला तास लागला. लेकरं थांबली. थांबायची सवयच त्यांना.

दुसऱ्या दिवशी प्रांजली आली. तिने प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मका काढला, मंडळाच्या दोन माणसांसमोर पुड्या बांधल्या आणि शनिवारी निकाल लेखी दिला. वरचा मका मर्यादेच्या तिप्पट, तळचा अकरापट. भाऊंनी उजेड न दाखवलेलं एक पोतं मागे राहिलं होतं, त्याचाही आकडा तोच. म्हणजे छत्तीस तासांच्या जांभळ्या उजेडाने काही म्हणता काही केलं नव्हतं.

"काका, लेप उघडा पाहिजे, तुमचा तर पेंटमध्ये बुडालेला आहे. उजेड बरोबर ताकदीचा पाहिजे. आणि दाणा त्या लेपाला टेकला पाहिजे. यातलं एकही नाही," प्रांजली म्हणाली. "और हमारी मशीन में भी डाला, तरी इतकं खराब धान्य मी कोणाला खायला सांगणार नाही."

मला वाटलं विषय मिटला. मी भोळी. रविवारी मंडळाची बैठक झाली. व्यापाऱ्याचं मन दुखू नये, त्याचे फोटो छापून आलेत, आता फेकला तर मंडळाचं नाक जाईल, हीच चर्चा. एकाने सुचवलं, गोशाळेत द्या. प्रांजली म्हणाली की गाईच्या पोटातून हेच विष दुधात उतरतं. मग हिरालालभाऊंनी तोड काढली: कुम्हारीच्या पलीकडे मुलांचं एक वसतिगृह आहे, त्यांना दान म्हणून पाठवू, सोबत "प्रकाश-शुद्ध" अशी चिठ्ठी. त्यांचे ते बघतील. हात वर झाले. त्यातले चार हात मी दिवाळीला ओवाळलेले.

मला विज्ञान कळत नाही. पण एका पोरीने रात्रंदिवस खपून एक चांगली गोष्ट शोधायला घ्यावी, आणि मोठ्या माणसांनी तिचं नाव कुजक्या दाण्यावर चिकटवून तो दुसऱ्याच्या दारात लोटावा, हे पाप आहे एवढं कळतं. आधी निदान कुजकं धान्य देताना देणाऱ्याची मान खाली असायची. आता मशीनचं नाव मिळालं, मान वर झाली.

सोमवारी भाऊंनी कॉलेजात फोन केला की तुमची कामवाली तुमच्या नावाने अफवा पसरवते. तिथल्या इन्चार्जने भागाबाईला सांगितलं, पुढचं कळवेपर्यंत येऊ नका. प्रांजली भांडली, पण तिलाही सध्या गप्प बसवलं आहे.

काल मंगळवारी दुपारी बारा वाजता भागाबाई माझ्या दारात. कोठाराची किल्ली ज्या घरी पाळी, त्या घरी आठवडाभर राहते.

"बाई, किल्ली."

"कशाला?"

"टेम्पो तीनले येऊन राहिला."

तिच्या पिशवीत काळ्या फिनाईलची बाटली होती. मी बाटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मी म्हटलं, "बारा पोत्यांना एक बाटली कशी पुरेल?" आणि मोरीतले माझे फिनाईलचे दोन कॅन उचलले.

कोठारात मी पोत्याच्या तोंडावर ओतायला लागले तर तिने हात धरला. "तसं नाई, बाई. वरवर टाकलं तर हिरालालभाऊ वरचा काढून खालचा पाठवतीन." तिने एकेक पोतं आडवं केलं, फावड्याने उलथं-पालथं केलं, मी ओतत गेले. गुडघे दुखत होते तिचे, मध्ये मध्ये भिंतीला टेकून उभी राहायची. मी मनात क्षमा मागत होते. कोणाची, ते मलाही नीट सांगता येणार नाही. अन्नाची असेल. बाराव्या पोत्याला ती रडली. मला वाटलं वासाने डोळे चुरचुरले असतील.

"इतका दाणा," ती म्हणाली. "कोणीतरी पेरला असन ना हा."

टेम्पोवाल्याने दारातूनच नाक दाबलं आणि गाडी वळवून नेली. संध्याकाळी प्रांजलीने ओळखीतून गाडी बोलावली आणि स्वतः उभी राहून पोती जाळायला रवाना केली.

आज सकाळी हिरालालभाऊ मंडळाचं रजिस्टर घेऊन घरी आले. लिहून आणलं होतं की सदर बाईने खोटं सांगून किल्ली मिळवली आणि देवस्थानच्या धान्याची नासधूस केली, तरी तिच्याविरुद्ध तक्रार करण्यात येत आहे. खाली माझी सही हवी होती, साक्षीदार म्हणून.

"तुमचा काई संबंध नाई यात, वहिनी. तुमाले फसवलं तिनं. सही करा, तुमी मोकळ्या."

भाऊराव हळूच म्हणाले, "विचार कर. रोजचं तोंड पाहायचं आहे या लोकांचं." विचार गुरुवारपासून चालूच होता. मी पेन घेतलं, "सदर बाई" वर काट मारली आणि लिहिलं: भागाबाई शेषराव आणि अन्नपूर्णा भाऊराव, दोघींनी. किल्ली मी दिली, दोन कॅन माझे. मका मर्यादेच्या अकरापट विषारी होता, हे सचिवांना लेखी माहीत होतं आणि तरी तो मुलांना पाठवायचा ठरला होता. मग सही केली, तारीख घातली.

भाऊंनी वाचलं. "वहिनी, हे मंडळाचं रेकॉर्ड हाय. यात असं लिहून चालत नाई."

"मग पान फाडा. पण पानांवर नंबर आहेत, आणि भाऊरावांनी आताच फोटो काढला."

भाऊराव खरंच फोन हातात घेऊन उभे होते. बत्तीस वर्षांत मला न विचारता त्यांनी केलेलं हे पहिलं शहाणपणाचं काम. हिरालालभाऊ किल्ली मागून घेऊन गेले. माझी पाळी काढली म्हणाले. काढोत. उद्याची खिचडी माझ्या ओसरीत शिजेल, वस्तीत निरोप गेला आहे.

भागाबाईला हे सांगायला बोरसीला गेले तर ती रागावली. "तुमी कावून नाव टाकलं? माहं काय, मी आज इथं, उद्या तिथं. तुमाले देवळात जा लागते रोज." मी म्हटलं, जाईन, मला कोण अडवतं बघते. आणि शुक्रवारी प्रांजलीसोबत कुम्हारीला येते, त्या इन्चार्जला भेटायला. तुमच्या हाताने ज्याचा प्रयोग चालू लागला, त्याने एका फोनवर तुम्हाला घरी का बसवलं, हे मला त्याच्या तोंडून ऐकायचं आहे.

"तुमी काय बोलसान तिथं? तुमाले काय समजते त्यातलं?"

"तुम्हाला समजतं ते रस्ताभर मला सांगा."

ती उठली. मग आतून मूठभर मका आणून माझ्यासमोर पसरला आणि म्हणाली, "रस्त्यावर कावून, आत्ताच बसा. सांगा यातला खराब कोणता."

मी सात दाणे काढले. तिने त्यातले चार परत टाकले, आणि मी सोडलेले नऊ काढून दाखवले.